गच्ची कुणाची?

सांगलीत जुना फ्लॅट दाखवणारा एजंट जिना चढायच्या आधीच सांगून टाकतो, "मॅडम, इथं एकोणीसला पाणी नव्हतं." आपण विचारलेलंही नसतं. पण २००५, २०१९ आणि २०२१ असं तीनदा कृष्णामाई शहरात येऊन गेल्यापासून इथला भाव चौरस फुटांइतकाच आयर्विन पुलापाशी मोजल्या जाणाऱ्या नदीच्या फुटांवर ठरतो. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टात पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. त्यामुळे नदीचं पाणी सगळेच विचारतात. वरून गळणाऱ्या पाण्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही, आणि माझे पैसे अडकणार होते ते त्या पाण्यात.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. माहेरच्या जमिनीच्या वाटणीचे पैसे एफडीत होते. त्यातून एखादं जुनं घर घ्यावं, नीट करावं, भाड्यानं द्यावं असं मनात होतं. नवऱ्याला शेअर बाजार बरा वाटतो. मला ज्याला कुलूप लावता येतं ते बरं वाटतं. भांडण नको म्हणून घर माझ्या एकटीच्या नावावर घ्यायचं ठरलं. त्याचा फायदाही आहे. महापालिका हद्दीत आमच्याकडे मुद्रांक शुल्क अधिभारासकट सहा टक्के पडतं. निवासी घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट मिळते.

पहिलं घर बघितलं ते गावभागात, तळमजल्यावरचं. नुकताच रंग दिलेला, भाव चांगलाच उतरलेला. हॉलमधलं कपाट थोडं पुढं ओढायला लावलं, तर मागं छातीच्या उंचीपर्यंत रंग फुगलेला. किल्लीनं खरवडल्यावर अख्खा पापुद्रा सुटून आला आणि पांढरी पूड बोटांवर राहिली. लोणा. पुराचं पाणी विटांत मुरतं, सुकताना क्षार घेऊन बाहेर येतं, आणि वरून प्लास्टिक पेंट मारून वाट बंद केली की रंगालाच ढकलून देतं. त्यावर उपाय आहे: गिलावा विटेपर्यंत काढायचा, भिंत निदान एक उन्हाळा उघडी ठेवायची, क्षार कोरड्या ब्रशनं झाडत राहायचं, मग श्वास घेणारा गिलावा करायचा. पण तेवढा काळ भाडं शून्य, आणि पुढच्या पुराची हमी कुणाची?

एजंट म्हणाला, "मग पाडून नवीन बांधा की." ते इतकं सोपं नाही. पाटबंधारे खात्यानं नदीला दोन रेषा आखल्यात. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्याची लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नवं बांधकाम सहसा करता येत नाही; निळी आणि लाल यांच्यामध्ये करायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर घ्यावं लागतं. म्हणजे जुनं घर स्वस्तात मिळालं तरी नवं कसं आणि किती उंचीवर होणार, हे पूररेषेच्या नकाशात आधीच ठरलेलं असतं.

मग गुंठेवारी. सांगलीत जागेचा विषय निघाला आणि गुंठेवारी निघाली नाही असं होत नाही. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले प्लॉट, त्यावर बांधलेली टुमदार घरं, किंमत बाजारापेक्षा बरीच कमी. २००१ च्या कायद्यानं ती नियमित करता येतात, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांनाही दार उघडलं. घराचं नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हातात असेल तर विचार करावा. "फाइल टाकलीये, होऊन जाईल" असं ऐकलं की मी चहा संपवून उठायचे.

शेवटी मन बसलं ते विश्रामबागेतल्या एका इमारतीवर. नव्वदच्या दशकातली, खाली चार दुकानं, वर बारा फ्लॅट, लिफ्ट नाही. फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर. पूर इथवर येत नाही, कॉलेजं जवळ, भाडेकरू मिळायला अडचण नाही. मालक निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेलेले. मागणी चोवीस लाखांची. बेडरूमच्या स्लॅबला एका कोपऱ्यात पिवळसर डाग होता. त्यावर नवा पांढरा रंग होता आणि रंगातूनही तो दिसत होता.

वकिलांनी मालकीचा तीस वर्षांचा सर्च घेतला, मिळकत पत्रिका काढली, आधीच्या सगळ्या व्यवहारांचे 'सूची दोन' हे नोंदणीचे उतारे जुळवले. ते सरळ होतं. रेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारा कायदा, इथं उपयोगाचा नव्हता. त्या कायद्याच्या कितीतरी आधी इमारत पुरी झालेली. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मात्र मी हट्टानं मागवलं. नकाशात हॉलला लागून बाल्कनी होती. प्रत्यक्षात तिथं सरकती खिडकी बसवून ती हॉलमध्ये घेतलेली. सांगलीतले निम्मे हॉल असेच वाढलेत, पण नकाशात नसलेल्या जागेचे पैसे मी खोलीच्या भावानं देणार नव्हते. एजंट ज्या आकड्यावर भाव सांगतात त्या 'सेलेबल' फुटांत जिनासुद्धा असतो. मी फक्त कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, धरलं.

वकिलांनी दिलेल्या गठ्ठ्यात खरा कागद होता डिक्लेरेशन. आमच्याकडच्या बऱ्याच इमारती सोसायटी नसून 'अपार्टमेंट' असतात, १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या. बिल्डर नोंदणीकृत घोषणापत्र करतो. त्यात कोणता फ्लॅट कुणाचा, सामाईक काय, आणि त्या सामाईकात प्रत्येकाचा हिस्सा किती टक्के, हे लिहिलेलं असतं. लोक हा कागद बँकेला देण्यापुरता जपून ठेवतात. मी तो जमाखर्चाची वही तपासावी तसा ओळीनं वाचला. गच्ची सामाईक. पाण्याची टाकी सामाईक. माझ्या होऊ घातलेल्या फ्लॅटचा हिस्सा सात टक्के. खालच्या प्रत्येक दुकानाचा तीन.

काही इमारतींत बिल्डरनं गच्ची एकालाच विकलेली किंवा वापरायला दिलेली असते, आणि मग दुरुस्तीला वर जायलाही त्याची परवानगी मागत बसावं लागतं. इथं तसं नव्हतं. पण गच्ची सगळ्यांची असणं म्हणजे काय, ते बघायला मी एका स्ट्रक्चरल इंजिनिअरना घेऊन वर गेले. त्यांची फी फार नव्हती. लोक एजंटला टक्का देताना कुरकुरत नाहीत आणि इथं मात्र हात आखडतात. त्यांनी हातोडीच्या दांड्यानं कोबा ठोकत एक फेरी मारली. जिथं पोकळ आवाज येईल तिथं खडूनं गोल. थोड्या वेळानं अर्धी गच्ची गोलांनी भरली. डिश अँटेनाचे बोल्ट कोब्यात ठोकलेले, त्यांच्याभोवती भेगा. टाकीचा ओव्हरफ्लो कोपऱ्यात साचणारा. ढाळ पाइपाकडे असायचा तो एका ठिकाणी उलटा, बरोबर माझ्या बेडरूमच्या डागावर. खाली येऊन त्यांनी पार्किंगमधले खांब आणि तुळया बघितल्या. काँक्रीटचे पोपडे सुटून सळया उघड्या पडल्या असत्या तर तिथूनच परत फिरायचं असं आम्ही ठरवलं होतं. तसं काही नव्हतं. तीस वर्षं झालेल्या इमारतीला महापालिका कायद्याप्रमाणे मजबुतीचा दाखला घ्यावा लागतो. तो इथं कुणी घेतला नव्हता. मी तोही यादीत लिहिला.

"तुमच्या छतावर आतून केमिकल मारून काही होणार नाही," ते म्हणाले. "जुना कोबा काढा, ढाळ करा, नवा घाला. दीड-पावणेदोन लाख धरा."

मग मी कागदावर दोन रकाने पाडले. एका बाजूला जे मी पैसे टाकले की माझ्या हातानं होईल: बाथरूम, नळ, वायरिंग, ओटा. दुसऱ्या बाजूला जे दुसऱ्यांनी होकार दिल्याशिवाय होणार नाही: गच्ची. पहिल्या रकान्याला मी घाबरत नाही. ते अंदाजापेक्षा थोडं वर-खाली जातं, एवढंच. दुसऱ्या रकान्याची किंमत माझ्या वाट्यापुरती धरणं मला मान्य नव्हतं. एजंट हिरिरीनं सांगत होता, "मॅडम, सात टक्के म्हणजे अकरा-बारा हजार. तेवढेच कापा की." मी म्हटलं, "बाकीचे त्र्याण्णव टक्के गोळा होईपर्यंत पाणी कुणाच्या डोक्यावर पडणार?" गच्चीचे पूर्ण एक लाख साठ हजार मी भावातून काढले. पुण्याहून मालकांचा मुलगा फोनवर बराच तापला. आठवडाभर शांतता, मग निरोप आला. साडेएकवीसला सौदा झाला.

भाव पाडताना आणखी एक हिशेब डोळ्यासमोर ठेवावा लागतो. मुद्रांक शुल्क आपल्या किमतीवर किंवा रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारी दरतक्त्याच्या मूल्यावर, जे जास्त असेल त्यावर लागतं. एवढ्यावर भागत नाही. रेडीरेकनरचं मूल्य आपल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वर असेल, आणि फरक पन्नास हजारांच्या पुढं असेल, तर तो फरक घेणाऱ्याचंच उत्पन्न धरून आयकर लावतात. फार स्वस्तात मिळालेलं घर असं महाग पडतं. जुन्या बांधकामाला मूल्यांकनात वयाप्रमाणे घसारा मिळतो. तो धरलाय ना, हे वकिलांना विचारून घेतलं.

साठेखतात घरपट्टी, पाणीपट्टी, लाइट बिल आणि मेंटेनन्स खरेदीच्या तारखेपर्यंत देणाऱ्यानं चुकता करायचा हे घालून घेतलं. खरेदीखताचा दिवस अंगठे आणि फोटोत गेला. नोंदणी फी एक टक्का, तीस हजारांच्या वर जात नाही. मला साडेएकवीस हजार पडली.

खरेदी उन्हाळ्याच्या तोंडावर झाली ते बरं झालं, कारण गच्ची पावसाच्या आत व्हायला हवी होती. पार्किंगमध्ये मीटिंग बोलावली. वरच्या मजल्यावरचे चौघे लगेच हो म्हणाले. मधल्यांनी "बघू" म्हटलं. सगळ्यात जुने रहिवासी म्हणजे एक निवृत्त गुरुजी. त्यांचा सोलर हीटर नेमका पोकळ कोब्यावर उभा. तो काढून परत बसवायचा खर्च कुणी करायचा यावर तासभर गेला. आणि दुकानवाले.

"वहिनी, आमच्यावर कुठं गळतंय? वरच्यांनी वरचं बघावं."

मी डिक्लेरेशनची झेरॉक्स नेली होती. टक्क्यांचा तक्ता मोठ्यानं वाचून दाखवला. दुकानाला तीन टक्के, म्हणजे चार हजार आठशे. "पाया तुमच्या दुकानाखाली आहे," गुरुजी मध्येच म्हणाले, "तो खचला तर आम्ही नाही का देणार?" हे मला सुचलं नव्हतं. तिघा दुकानदारांनी पैसे दिले. एकानं दिले नाहीत. काम अडू नये म्हणून त्याची रक्कम मी घातली आणि अपार्टमेंटच्या अध्यक्षांकडून तशी पावती घेतली, 'अमुक गाळ्याच्या वतीने उचल' असं लिहून. गुरुजींच्या सोलरचा खर्च सगळ्यांत वाटला.

घरातलं काम तुलनेनं शांतपणे झालं. रंग, गिलावा, फरशी, आतले नळ यांना महापालिकेची परवानगी लागत नाही. बांधकामाच्या सांगाड्याला हात लागणार असेल किंवा क्षेत्र वाढणार असेल तर लागते. अपार्टमेंटच्या कायद्यात तर इमारतीच्या मजबुतीला धोका येईल असं काम करायलाच मनाई आहे, आणि मोठं बांधकाम वाढवायचं तर बाकी सगळ्या मालकांची एकमुखी संमती लागते. मिस्त्रींना स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत काढून हल्लीसारखं ओपन किचन करायचं होतं. भिंत चार इंची, नुसती आडोशाची; काढली असती तरी चाललं असतं, असं इंजिनिअर म्हणाले. मी ठेवली. भाड्याच्या घरात फोडणीचा वास हॉलभर पसरवण्यासाठी मी का पैसे घालू?

बाथरूम मात्र मुळापासून करायचं होतं. मिस्त्री जतकडचे, हाताला स्वच्छ, पण घाई फार.

"वहिनी, टाइल्सवरच टाइल्स मारू. दोन दिसात मोकळं."

"आणि खालच्या काकूंचं छत?"

"त्ये त्यांचं हाय न्हवं."

खालच्या काकूंच्या संडासाच्या छताला नकाशासारखा डाग पडला होता, मी तो घर घेण्याआधीच जाऊन बघितला होता. शिवाय फरशीवर फरशी म्हणजे स्लॅबवर फुकटचं वजन. सगळं फोडायला लावलं. खाली खोलगट स्लॅबमधली भर ओलीचिंब निघाली. भिंतीतला लोखंडी पाइप मिस्त्रींनी पान्ह्यानं धरला तर हातात तुकडाच आला. सगळे नळ सीपीव्हीसी प्लास्टिकचे केले, वॉटरप्रूफिंग झालं, आणि टाइल्स लावायच्या आधी खड्डा पाण्यानं भरून ठेवायला सांगितलं. मिस्त्रींना हे पटत नव्हतं. रोजंदारी वाया जाते. मी भिंतीवर पाण्याच्या पातळीशी पेन्सिलनं रेघ मारली, बाजूला वेळ लिहिली. दुसऱ्या दिवशी दुकानातून सुटून आले तर पाणी रेघेच्या दोन बोटं खाली. उन्हाळा आहे, वाफ होते, असं मिस्त्री म्हणाले. बाजूला ठेवलेल्या बादलीतलं पाणी मात्र जेमतेम हललं होतं. ती मी त्यासाठीच ठेवली होती. शोधता शोधता न्हाणीच्या पाइपाच्या गळ्याशी बारीकशी वाट सापडली. ते परत केलं, परत भरलं, रेघ जागच्या जागी राहिली. काकूंनी स्टुलावर चढून छताला हात लावला आणि "कोरडं आहे गं" म्हणून वर हाक मारली, तेव्हाच टाइल्सचे बॉक्स उघडायला लावले.

रंगाच्या वेळी एक गोष्ट पोरांना बजावून सांगावी लागली. दारं-खिडक्यांवर जुन्या ऑइल पेंटचे थरावर थर होते. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या वर नसावं हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती आहे ते बघून कळत नाही. कोरडा पॉलिश पेपर मारला की ती धूळ कामगाराच्या छातीत आणि फटींत जाऊन बसते, आणि पुढं तिथं कुणाचं तरी लहान मूल रांगणार. पाणी लावून घासायचं, मास्क घालायचा, धूळ ओल्या फडक्यानं टिपायची. रंगारी हसले, पण केलं. बाल्कनीवरचा जुना सिमेंटचा पत्राही न फोडता बोल्ट काढून अखंड उतरवला. त्यात ॲस्बेस्टॉस असतं. वायरिंगला अर्थिंगच नव्हतं. ते केलं, गळता करंट तोडणारा आरसीसीबी बसवला, महावितरणकडे मीटर माझ्या नावावर करून घेतला.

दुरुस्तीला सव्वातीन लाख गेले. सगळं धरून घर सव्वीस लाखांच्या थोडं वर बसलं, आणि भाडं येतं नऊ हजार. म्हणजे वर्षाला चार टक्क्यांच्या आसपास. नुसतं भाडं बघितलं तर एफडी बरी, हे नवऱ्यानं लगेच मोबाइलवर काढून दाखवलं. खोटं नाही. जागेचा भाव वाढेल या आशेवर हा व्यवहार उभा आहे, आणि विश्रामबागेत तो वाढतो असा माझा अंदाज आहे, अंदाजच. भाड्यावर आयकरात घरपट्टी वजा जाता सरसकट तीस टक्के वजावट मिळते, मग तुम्ही रंग द्या की नका देऊ. दुरुस्तीची बिलं वेगळी दाखवता येत नाहीत. पण बाथरूम, नळ आणि वायरिंगची पक्की बिलं मी जपून ठेवलीत. उद्या विकायची वेळ आली तर सुधारणेचा खर्च म्हणून ती धरता येतात. बिलासाठी जीएसटी भरावा लागला तेव्हा मिस्त्रींनी मला वेड्यात काढलं होतं.

भाडेकरू म्हणजे एका खासगी कंपनीतला मुलगा आणि त्याची बायको. मुलाच्या वडिलांनी पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून आणली होती. "सगळे असंच करतात." करतात खरे. पण आपल्या राज्यात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची, न नोंदवल्यास पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. एवढं करून खर्च किती? एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, यावर पाव टक्का मुद्रांक, म्हणजे अडीचशे-तीनशे रुपये. वर हजार रुपये नोंदणी. ऑनलाइन होतं, घरी येऊन अंगठे घेणारेही आहेत. मुदत संपून कुणी घर सोडलं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्यापुढं हाच कागद चालतो, नोटरीचा नाही. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिली.

पावसाळा गेला. बेडरूमचा कोपरा कोरडा आहे. चौथ्या दुकानदाराचे चार हजार आठशे अजून यायचेत. अपार्टमेंटच्या कायद्यात सामाईक खर्चाची थकबाकी त्या गाळ्यावरच बोजा म्हणून राहते आणि घेणाराही विकणाऱ्याबरोबर तिला जबाबदार धरला जातो. गाळा विकायला काढलाय असं गुरुजी सांगत होते. मी पावतीच्या दोन झेरॉक्स काढून एक अध्यक्षांकडे दिली आहे, गिऱ्हाईक थकबाकी विचारायला आलं तर दाखवायला.